कार्बोरेटर जिप्सीत रिबिल्ट एमपीएफआय इंजिन बसवून घेतलं, गॅरेजचा अनुभव

माझी जिप्सी किंग १९९८ ची, कार्बोरेटरवाली, ८ व्हॉल्व्ह. २००० मध्ये मारुतीने याच १२९८ सीसीला १६ व्हॉल्व्ह आणि एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरने पेट्रोल देणारी सिस्टीम) दिलं आणि पॉवर साठच्या आसपास होती ती ८० बीएचपी झाली. माझं जुनं इंजिन ऑइल प्यायला लागलेलं, कॉम्प्रेशन बसलेलं, म्हणून त्यातच परत पैसे घालण्यापेक्षा रिबिल्ट एमपीएफआय टाकायचं ठरवलं. काम दिलं भोसरीतल्या एका छोट्या गॅरेजला.

मिस्त्रींनी आधीच बजावलं, "दादा, एस्टीमचं इंजिन स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका." एस्टीममध्ये इंजिन गाडीत आडवं बसतं, जिप्सीत गाडीच्या लांबीत उभं, म्हणजे मॅनिफोल्ड, खालचा ऑइल संप, माउंटिंग सगळीच जुळवाजुळव. म्हणून जिप्सीचंच इंजिन शोधलं, सिलिंडरचं बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन, नवीन रिंगा, बेअरिंग, हेडचं व्हॉल्व्ह सीटचं काम, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप. लेथवरून ब्लॉक आल्यावर मला बोलावून बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मधे, खाली मोजून दाखवला, हे मला फार आवडलं कारण रिबिल्टच्या नावाखाली नुसत्या रिंगा बदलून रंग मारलेली इंजिनं भरपूर फिरतायत.

पण खरं काम इंजिनात नाहीच, वायरिंग आणि पेट्रोल लाइनमध्ये आहे. कार्बोरेटरला इंजिनवरचा मेकॅनिकल पंप जेमतेम प्रेशर देतो, इंजेक्टरला साधारण तीन बार लागतं, म्हणजे टाकीतला इलेक्ट्रिक पंप, हाय प्रेशर पाइप, रिटर्न लाइन हे सगळं आलं. दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने मला "जुन्याच वायरिंगला जोडून देतो" असं सांगितलेलं, तिथूनच मी उठलो. इथे ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि पूर्ण वायरिंग हार्नेस एमपीएफआय जिप्सीचाच घातला, पंपाला वेगळा रिले आणि फ्यूज, प्रत्येक जॉइंट सोल्डर करून वर स्लीव्ह. चावी फिरवली की मागून पंपाचा दोन सेकंद घर्रर्र आवाज येतो, चेक इंजिन लाइट पेटते आणि स्टार्ट झाल्यावर विझते, मस्त वाटतं!

फरक म्हणाल तर थंडीत चोक ओढणं बंद, आणि ऑफरोडला तिरक्या चढावर गाडी अडकली की कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल एका बाजूला जाऊन जी गचके खायची ते पूर्ण गेलं. माझ्यासाठी एवढ्यानेच पैसे वसूल. वरंधा घाटात तिसऱ्यावर आरामात ओढते.

तक्रारी आहेत. एस्टिमेटमध्ये टाकी आणि पंप धरलेच नव्हते, नंतर सांगितलं, बिल बरंच वाढलं. गाडी कबूल केल्यापेक्षा खूप उशिरा मिळाली, फोन उचलत नाहीत. आयडलिंग वरखाली होत होतं, थ्रॉटल बॉडीचं गॅस्केट हवा घेत होतं, ते मात्र एकही रुपया न घेता करून दिलं.

आरटीओचं गॅरेज बघत नाही, ते तुम्हालाच करायचंय. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली परवानगी आधी घ्या, इंजिनचं पक्कं बिल मागून घ्या, आरसीवर नवीन नंबर चढवा आणि इन्शुरन्सवाल्यांना कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी रडावं लागेल.

घाई असेल तर इथे जाऊ नका, वायरिंग नीट हवं असेल तर डोळे झाकून द्या, फक्त एस्टिमेट टाकी-पंपासकट लिहून घ्या.