अमीर खाँसाहेबांचा मारवा: कुणालाही पहिल्यांदा ऐकायला द्यावी अशी एक बाजू

परवा एका मित्राने विचारलं, "मला शास्त्रीय ऐकायला सुरुवात करायचीय, पण तू दहा नावं सांगू नकोस, एकच सांग." असं कुणी विचारलं की मला मनापासून आनंद होतो आणि टेन्शनही येतं, कारण पहिलं रेकॉर्डिंग चुकलं तर तो माणूस परत विचारत नाही. मागे एकदा असंच झालंय. ऑफिसमधल्या एकाला मी हौसेने सव्वा तासाच्या मैफलीचं रेकॉर्डिंग दिलं, मला अतिशय आवडणारं. त्याने पंधरा मिनिटं ऐकलं, "छान आहे" म्हणाला आणि विषय संपला. गाणं उत्तमच होतं, पण ते त्याला पहिलं द्यायचं नव्हतं, ही चूक माझी होती आणि मला ती बरेच दिवस लागून राहिली.

तेव्हापासून माझं उत्तर ठरलेलं आहे. ख्यालगायक उस्ताद अमीर खाँ यांची मारवा आणि दरबारी या दोन रागांची एलपी, म्हणजे दोन्ही बाजूंनी वाजणारी मोठी तबकडी, आणि त्यातलीसुद्धा फक्त मारव्याची बाजू. दरबारीला सध्या हात लावू नका.

आता यावर लगेच ऐकायला मिळतं की अरे मारवा काय देतोस नवीन माणसाला, तो किती उदास राग, काहीतरी गोड दे, द्रुत म्हणजे जलद लयीतलं दे, एखादा तराणा दे. मला हे पटत नाही. द्रुत ऐकून माणूस खूश होतो ते वेगावर, गळ्याच्या तयारीवर, आणि त्यात काही वाईट नाही, पण ख्याल, म्हणजे राग मांडायच्या या गायनप्रकारात, नेमकं काय चाललेलं असतं ते त्याला त्यातून कळत नाही. ते कळायला विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं लागतं, आणि विलंबितात नवीन माणूस कंटाळतो. इथेच ही एलपी कामाला येते, कारण तिची लांबीच अशी आहे की विलंबित पुरतं ऐकून होतं आणि कंटाळा यायच्या आत द्रुतही येते.

हा लांबीचा मुद्दा जरा सांगतो, कारण मला तो फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे रेकॉर्डिंग सुरू झालं 1902 मध्ये कलकत्त्याला, गौहर जान गायल्या, आणि त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटांच्या आसपासच गाणं मावायचं. त्या तीन मिनिटांत शेवटी त्या इंग्रजीत स्वतःचं नावसुद्धा सांगतात! पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी घ्या, 'पिया बिन नाही आवत चैन', तीही अशीच तेवढ्याशा वेळात बसवलेली आणि आजही ऐकताना अंगावर काटा येतो. पण तो अर्क आहे. राग आधी ओळखीचा असेल तर अर्काची किंमत कळते, नवख्याला ते एक सुंदर जुनं गाणं वाटतं आणि संपतं. दुसऱ्या टोकाला मैफल, जिथे एक राग तासभर चालतो, तिथे नवीन माणूस कुठे आहे तेच विसरतो. एलपीची एक बाजू बरोबर मध्ये पडते, वीस-बावीस मिनिटांची. तेवढ्यात गायकाला आलाप, बढत (रागाचा हळूहळू विस्तार), बोल, सरगम, ताना, द्रुत बंदिश सगळं दाखवायचंय, म्हणजे फापटपसारा शून्य, आणि तरीही घाई केलेली दिसता कामा नये. बऱ्याच मोठ्या गायकांच्या एलपींत ही घाई जाणवते हो, काहीतरी कापलंय असं वाटत राहतं. या मारव्यात नाही वाटत. अतिविलंबित गाणारा माणूस, ज्याला मैफलीत वेळेचं बंधनच नको असायचं, तो या वीस-बावीस मिनिटांत इतका निवांत कसा बसू शकतो हे मला अजून आश्चर्य वाटतं.

गाण्याबद्दल. विलंबित आहे 'पिया मोरे अनत देस गइलवा', झुमरा तालात. झुमरा चौदा मात्रांचा, पण इथे लय इतकी संथ आहे की मात्रा मोजायला जाऊच नका, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली की कळतेच. तबल्यावर साधा ठेका, मध्ये मध्ये कलाकारी नाही, खाँसाहेबांना तसाच ठेका लागायचा. बाकी सगळी जागा आवाजाला. आणि आवाज म्हणजे काय, खालून, खर्जातून आलेला, भारदस्त, पण कुणाला ऐकवतोय असा नाहीच, स्वतःशी बोलतोय असा.

मारव्याचं वैशिष्ट्य नवीन माणसाला मी असं सांगतो. यात पंचम (प) नाही, रिषभ (रे) कोमल, मध्यम (म) तीव्र, आणि सगळा जोर रिषभ आणि धैवतावर (ध). षड्ज, म्हणजे सा, जो प्रत्येक गाण्याचं घर असतो, तो गायक टाळत राहतो. तानपुरा मागे सा देत असतो पण गाणारा त्याच्या अवतीभवती फिरतो, रेवर थांबतो, खाली नी-धवर जातो, परत रे, आणि आपल्याला आतून वाटायला लागतं की आता 'सा'वर ये रे बाबा. कानाला शास्त्र येत नसलं तरी ही ओढ कळते, अगदी कुणालाही कळते, मी घरातल्या लहान मुलांवरही पाहिलंय, ती नकळत थांबून ऐकतात. आणि मग तो षड्ज येतो. खाँसाहेब तो इतका उशिरा आणि इतक्या सहज लावतात की श्वास सुटतो. बंदिशीचे शब्द, प्रियकर परदेशी गेलाय, आणि स्वर घरी येत नाहीयेत, दोन्ही एकच गोष्ट सांगतात. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी रेकॉर्ड थांबवून नुसता बसून राहिलो होतो.

पूरिया आणि सोहनी या रागांचे स्वर हेच आहेत बरं का. पूरिया खालच्या सप्तकात रमते आणि तिचं वजन गंधार-निषादावर (ग-नी), सोहनी वरच्या सप्तकात चमकते. तेच सहा स्वर, पण जोर कुठे द्यायचा त्यावरून तीन वेगळी माणसं उभी राहतात. म्हणून मारवा नीट ऐकला की 'राग म्हणजे नुसती सरगम नव्हे' हे व्याख्यान न देता समजतं, आणि पुढच्या दोन रागांचं दार आपोआप उघडतं.

खाँसाहेबांच्या गाण्यातल्या मेरुखंडाबद्दलही विचारतात लोक. थोडक्यात, स्वरांचा क्रम बदलून जितक्या जोडण्या होतील त्यांचा रियाज. सात स्वरांच्या 5040 होतात, मारव्यातल्या सहांच्या 720. ऐकायला गणित वाटतं, आणि काही जणांच्या गाण्यात ते गणितच राहतं, पण या एलपीतल्या सरगमा ऐका, कुठेही कोडं सोडवल्यासारखं वाटत नाही, तेच तेच स्वर दर वेळी वेगळ्या बाजूने भेटत राहतात. भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँचा मेरुखंड, अब्दुल वहीद खाँची संथ बढत, रजब अली खाँच्या ताना, असं तिघांचं घेऊन खाँसाहेबांनी स्वतःचं गाणं बांधलं असं जाणकार सांगतात, पण ऐकताना हे तिघे वेगळे काढून दाखवता येत नाहीत आणि काढूही नयेत.

द्रुत 'गुरु बिन ग्यान न पावे'. मला द्रुत विलंबितापेक्षा किंचित कमी आवडते. उत्तमच आहे, ताना तर अशा घरंगळत येतात की बस, पण विलंबिताने जे वातावरण केलेलं असतं त्यातून बाहेर यायला मन तयार नसतं. कदाचित तो माझा दोष असेल. नवीन माणसाला मात्र इथे दिलासा मिळतो, त्यामुळे त्याला ती हवीच.

आता तक्रारी. रेकॉर्डिंग जुनं आहे, तबला मागे आहे, तानपुरा काही ठिकाणी जेमतेम ऐकू येतो, आजच्या स्टुडिओची सफाई अपेक्षित असेल तर निराशा होईल. पण त्याहून मोठा घोळ आवृत्त्यांचा आहे. मी एकदा एक सीडी घेतली, कंपनीचं नाव नको, त्यात खरखर काढायच्या नादात आवाजाचा वरचा भाग इतका घासून टाकला होता की खाँसाहेब पडद्याआडून गातायत असं वाटायचं आणि तानपुरा तर गायबच. मारव्यातून तानपुरा काढला तर उरतं काय, ज्या 'सा'पासून गायक लांब राहतोय तो 'सा'च ऐकू येत नाही! त्यामुळे माझा सल्ला, थोडी खरखर असलेली आवृत्ती चालेल, किंबहुना तीच घ्या, फक्त सुरुवातीलाच तानपुरा ऐकू येतोय ना ते बघा. आणि ऑनलाइन ऐकणार असाल तर खाँसाहेबांचे मारव्याचे मैफलीतलेही रेकॉर्डिंग फिरत असतात, तेही मोठे आहेत, पण आत्ता आपल्याला एलपीचाच हवाय, तेव्हा वेळ बघून घ्या, तासभराचा दिसला तर तो नव्हे.

कसा ऐकायचा तेही सांगतो. सूर्य मावळतीला असताना, दिवा लावायच्या आधी. संधिप्रकाशाचा राग आहे आणि वेळेचं शास्त्र मानणारा मी काही कट्टर माणूस नाही, पण मारवा दुपारी दोनला ऐकून बघा आणि मग संध्याकाळी ऐकून बघा, मला पुढे काही सांगावं लागणार नाही. आवाज मध्यम ठेवा. पहिल्यांदा स्पीकरवर, हेडफोन नंतर. आणि कृपा करून दोन मिनिटांची क्लिप कापून कुणाला पाठवू नका, ज्या गाण्याचा सगळा जीव वाट बघण्यात आहे त्याचा तुकडा पाठवून समोरच्याला काय मिळणार?

इथे वसंतरावांचे चाहते माझ्यावर चिडतील, कारण आपल्या मराठी घरांत मारवा म्हटलं की वसंतराव देशपांडेच. मीही त्यांच्यातलाच आहे, वसंतरावांचा मारवा ऐकतच मी मोठा झालो. पण तो मारवा अंगावर येतो, त्यात झेप आहे, लयीशी मस्ती आहे, अस्वस्थपणा उघडा आहे. तो दुसरा द्या. आधी खाँसाहेबांचा शांत मारवा कानात बसलेला असला की वसंतराव काय धाडस करतायत ते दिसतं, उलट क्रमाने दिलं तर खाँसाहेब मंद वाटण्याचा धोका आहे. हे मी दोघा-तिघांवर करून पाहिलेलं आहे.

किशोरीताई आमोणकरांचा भूप राग का नाही पहिला, 'प्रथम सुर साधे' आणि 'सहेला रे', हाही रास्त प्रश्न. पाचच स्वर, आणि इतकं सुंदर की कुणालाही आवडणारच. मी तो तिसरा देतो. भूप ऐकून माणूस तृप्त होऊन उठतो, मारवा ऐकून त्याला पुन्हा ऐकावंसं वाटतं, आणि सुरुवातीला मला ते पुन्हा ऐकणं हवं असतं.

दरबारीची बाजू मात्र महिनाभर तरी थांबून ऐका. कोमल गंधार आणि कोमल धैवत, दोघांचं ते संथ आंदोलन म्हणजे झुलणं, आणि सगळं खालच्या सप्तकात, ते ऐकायला कान जरा बसलेले असावे लागतात. रात्री, सगळी निजानीज झाल्यावर. त्यानंतर खाँसाहेबांचाच मेघ राग घ्या, 'बरखा ऋतु आई', मग तुम्हाला माझ्या सल्ल्याची गरज उरणार नाही.

मित्राला मी हे एवढं काही सांगितलं नव्हतं, फक्त रेकॉर्डिंग दिलं आणि संध्याकाळी ऐक म्हटलं. चार दिवसांनी फोन आला. म्हणाला, "अरे ते मध्ये एका ठिकाणी एकदम बरं वाटतं ना, ते काय आहे?" मी विचारलं कुठे, तर त्याने गुणगुणून दाखवलं, बेसूरच, पण जागा बरोबर होती. तो षड्ज होता.