चढाचा सराव: घरातला ट्रेनर की खरा डोंगर?

डोंगराळ ट्रायथलॉनमधल्या १८० किलोमीटर सायकलिंगची तयारी करणाऱ्या एका मैत्रिणीला हा प्रश्न पडलाय. ट्रेनर म्हणजे सायकल जोडून घरात जागच्या जागी पॅडल मारायचं यंत्र.

वेळ आणि नेमकेपणा यांत ट्रेनर सरस. ना सिग्नल, ना ट्रॅफिक; ठरलेल्या वॅटवर, म्हणजे ठरलेल्या ताकदीने, २० मिनिटं सलग पॅडल मारता येतं. वारा लागत नाही, म्हणून पंखा मात्र हवाच.

उताराचं तंत्र ट्रेनरवर येत नाही. वळणाआधीच ब्रेक, बाहेरचं पॅडल खाली, नजर वळणाच्या पलीकडे: हे रस्त्यावरच अंगवळणी पडतं. माझ्या मते खरी कसोटी तीच. शिवाय आपले गिअर पुरतात का, हेही खऱ्या चढावरच कळतं.

नोकरी सांभाळून सराव करणाऱ्यांनी आठवडाभर ट्रेनर वापरावा, सुट्टीचा दिवस डोंगराला द्यावा. उताराची धास्ती असेल, तर आधी डोंगरच.