आयसीएफच्या भिंतींना लाकडी मजला जोडला, त्याला 14 महिने झाले

कॅनडात ओटावाजवळचं आमचं घर आयसीएफचं, म्हणजे इन्सुलेटेड काँक्रीट फॉर्मचं आहे. थर्माकोलचे पोकळ ठोकळे रचायचे, आत सळई बांधायची आणि वरून काँक्रीट ओतायचं. काँक्रीटच्या दोन्ही अंगांना अडीच-अडीच इंच फोम कायमचा राहतो. मजल्याचा भार त्या फोमवर टाकता येत नाही, आतल्या काँक्रीटपर्यंत पोचवावा लागतो.

आजोळच्या वाड्याला कडीपाट होता. कड्यांची टोकं भिंतीत गेलेली, आणि ओल धरून आधी तीच कुजायची. म्हणून लाकूड काँक्रीटला टेकू द्यायचं नाही, हे मनाशी पक्कं होतं. तीन भिंतींना सिम्पसन स्ट्राँग-टाय कंपनीच्या आयसीएफव्हीएल पट्ट्या लावल्या; या पोलादी पट्ट्यांचे पाय फोममधून आत काँक्रीटमध्ये रुततात आणि मजल्याचा भार तिथे पोचवतात. जिन्याकडच्या भिंतीला मात्र कंत्राटदाराच्या आग्रहावरून अँकर बोल्ट, म्हणजे काँक्रीटमध्ये रोवलेले बोल्ट घेतले.

पट्टीचं खरं काम काँक्रीट ओतण्याआधीच असतं. खडूच्या दोरीने रेघ मारायची, करवतीने फोममध्ये दोन उभ्या चिरा पाडायच्या आणि पट्टीचे पाय आत सरकवायचे, तोंड फोमशी सपाट बसेपर्यंत. आमच्या इंजिनिअरने 32 इंचांवर एक पट्टी दिली होती; तुमचं अंतर तुमच्या इंजिनिअरकडूनच घ्या. काँक्रीट धरल्यावर ब्रॅकेट आणि आडवी फळी स्क्रूने पट्टीवर आवळायची आणि फळीला हँगर (धातूचे आधार) ठोकून त्यात जॉइस्ट, म्हणजे मजल्याच्या लाकडी कड्या, बसवायचे. ड्रिल सावकाश चालवा, घाई केली की स्क्रूचं टोक जळतं.

एका ठिकाणी फसलो. खिडकीशेजारच्या पट्टीवर स्क्रू आवळताना ती चक्क हलली. फोम कापून पाहिलं तर मागे मूठभर पोकळी! तिथे सळया दाट होत्या आणि काँक्रीट हलवून नीट बसवणारा व्हायब्रेटर पोचलाच नव्हता. इंजिनिअरने शेजारी दोन इपॉक्सी अँकर, म्हणजे काँक्रीटमध्ये भोक पाडून इपॉक्सीने चिकटवायचे बोल्ट, सांगितले. भोकातली धूळ फुंकायची, ब्रशने घासायची, पुन्हा फुंकायची, मगच इपॉक्सी. त्या एका जागेने अख्खा शनिवार खाल्ला.

आता फरक सांगतो. बोल्टसाठी प्रत्येक जागी फोम कोरावा लागला, म्हणजे तिथे काँक्रीट फळीपर्यंत आलं. मध्ये ओल अडवणारी पट्टी आहे, फळीही ट्रीटेड (कुजू नये म्हणून प्रक्रिया केलेली) आहे, तरी जानेवारीत बाहेर उणे 25 असताना बोल्टपाशी हाताला गारवा जाणवायचा. बाकीच्या तीन भिंतींवर फळीच्या मागे फोम शाबूत आहे आणि तिथे फळी खोलीइतकीच उबदार. मजला अजून कुठे करकरत नाही, फळीही जागची हललेली नाही.

पट्ट्या बोल्टपेक्षा महाग पडल्या, हे खरं. पण फोम कोरण्यात आमचे जे दोन दिवस गेले, ते धरले तर मला तो खर्च अजिबात जड वाटत नाही.

उन्हाळ्यात गॅरेजवर माळा बांधतोय. पट्ट्या आणून ठेवल्यात. या वेळी काँक्रीट ओतताना पंपवाल्याला दर पट्टीपाशी थांबवणार आणि व्हायब्रेटर पोचला की नाही, ते मी स्वतः बघणार.