त्रेसष्ट कार्डं, एक फोन: प्लिकर्स आणि फेट सात महिने वापरल्यावर

कार्डांना चकचकीत लॅमिनेशन करू नका. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल, हे आधी वाचा. प्लिकर्स नावाच्या ॲपची ही छापील कार्डं मुलं उत्तर म्हणून वर धरतात आणि शिक्षकाचा फोन ती वाचतो. खजुरी बाजारात मी ६३ कार्डं लॅमिनेट करून घेतली, पंधरा रुपयाला एक, म्हणजे ९४५ रुपये. दुसऱ्या दिवशी वर्गात खिडकीचा उजेड त्यांवर असा चमकला की फोनला समोर नुसते पांढरे चौकोन दिसायला लागले. पोरं हात वर करून बसलेली, आणि मी वर्गभर फोन फिरवतेय, आरती ओवाळल्यासारखा. मॅट फिनिश घ्या, असं प्लिकर्सवाल्यांनी स्वच्छ लिहून ठेवलंय. मी ते घरी येऊन वाचलं.

मी इंदूरची, रामबागेत राहते. फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून मग बी.एड.ला बसले. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालंय, आणि दुसऱ्या वर्षी १६ आठवडे शाळेत इंटर्नशिप असते. माझ्या वाट्याला राजवाड्याच्या बाजूची एक जुनी हिंदी माध्यमाची शाळा आली. दहावीचा वर्ग, पटावर ५२ मुलं, विषय विज्ञान. तंत्रज्ञानाचं शिक्षण म्हणाल तर आमच्या अभ्यासक्रमात ईपीसी-३ नावाचा पेपर आहे, आयसीटीचा, म्हणजे माहिती आणि संवाद तंत्रज्ञानाचा. त्यात मी पीपीटी केली, फाइल केली, फाइलला रंगीत बॉर्डर काढली आणि मार्क मिळवले. वर्गात काय चालतं ते शाळेत गेल्यावरच कळलं.

पहिल्या दोन आठवड्यांत मी तीन गोष्टी करून पाहिल्या. एक होतं क्विझचं ॲप, नाव घेत नाही, ज्यात प्रत्येक मुलाच्या हातात फोन लागतो आणि जो आधी दाबेल तो पुढे जातो. कॉलेजात आम्ही खेळलो तेव्हा जाम मजा आली होती. इथे चौकशी केली तर ५२ पैकी नऊ जणांकडे स्वतःचा फोन, आणि शाळेत तो आणायला बंदी. ॲप तिथेच संपलं. दुसरं म्हणजे घरून भरायचा ऑनलाइन फॉर्म. तो चालला, पण मजेशीर वेळांना. एका मुलाच्या बाबांचा सराफ्यात रात्रीचा ठेला. सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की यांचं सुरू, आणि घरातला एकच फोन तिथे क्यूआर घेऊन उभा. त्याचा फॉर्म यायचा सकाळी साडेसहाला. शिवाय मी रिकाम्या जागेत उत्तर लिहायला दिलं होतं आणि बरोबर म्हणून ‘एम्पियर’ एवढंच भरून ठेवलं होतं. कुणी ‘ऐम्पियर’ लिहिलं, कुणी ‘एंपियर’, कुणी ‘एम्पीयर’. सगळ्यांना शून्य. चूक माझीच, मान्य असलेली सगळी रूपं आधी भरता येतात. पण दुसऱ्या दिवशी अकरा जण वही घेऊन टेबलापाशी उभे राहिल्यावर ते लक्षात आलं. तिसरं दीक्षा. २०१७ पासूनचं सरकारी व्यासपीठ, पुस्तकातला क्यूआर स्कॅन केला की धड्याचं साहित्य उघडतं. मला ते पाठाची तयारी करताना पुष्कळ कामी आलं, अजूनही येतं. वर्गात लावून दाखवायला मात्र शाळेचा स्मार्ट टीव्ही लागतो, त्याच्या खोलीची चावी ऑफिसातल्या बाबूंकडे, आणि बाबू कुठे ते कुणालाच ठाऊक नसायचं.

तेव्हा प्लिकर्स सापडलं. यात फोन एकट्या शिक्षकाकडे हवा. मुलांकडे छापील कागद. प्रत्येक कार्डावर वेगळी काळी चौकटीदार नक्षी, तिच्या चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. जे उत्तर वाटतं ती बाजू वर करून कार्ड धरायचं. नक्षी प्रत्येकाची निराळी, त्यामुळे शेजाऱ्याकडे बघून काही कळत नाही, आणि अक्षरं इतकी बारीक की मागच्या बाकावरून वाचताही येत नाहीत. मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवते आणि कुणी काय उत्तर दिलं ते स्क्रीनवर भराभर येतं. नेहमीचा संच ४० कार्डांचा, मोठा ६३ चा. मला अर्थातच मोठा लागला. पानावर दोन कार्डं, बत्तीस पानं.

लॅमिनेशनचा दणका बसल्यावर दुसरा संच साध्या कागदावर काढला आणि पुठ्ठ्यावर चिकटवला. काका एमटी क्लॉथ मार्केटमध्ये आहे, तो साड्यांची रिकामी खोकी घेऊन आला. दोन संध्याकाळी मी, आई आणि काका खळ लावत बसलो. नाना, म्हणजे माझे आजोबा, आयुष्यभर गणित शिकवलेले. त्यांनी एकदा चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, “पत्ते घेऊन शाळेत निघालीस का गं?”

“नाना, तुम्ही पण धरा एक, चाचणी घेते.”

प्रश्न टाकला: पोह्यांवर काय हवं? ए शेव, बी जिरावण (आमच्याकडे पोह्यांवर भुरभुरतात तो मसाला), सी दोन्ही, डी काहीच नाही. घरातल्या चौघांपैकी तिघांचं सी आलं. नानांचं डी. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय हे मला माहीत होतं, त्यांना शेव सोडवत नाही हेही माहीत होतं. आईसमोर तोंडी विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते कोण जाणे. कार्ड खाली ठेवून त्यांनी हळूच विचारलं, “हिला दिसलं का माझं?” मला वाटतं वर्गातही कार्डाचं खरं काम तेच आहे.

माझ्या वर्गाचं सांगते. “समझ में आया?” असं विचारलं की ५२ गळ्यांतून एक सूर निघतो, “यस मैडम!” पहिले पंधरा दिवस मी त्या सुरावर खूश होते. मग विजेच्या धड्यात कार्डांवर प्रश्न टाकला. ९ व्होल्टची बॅटरी, एकसारखे दोन बल्ब एकसरीत, म्हणजे एकामागे एक जोडलेले. पहिल्या बल्बच्या आधी विजेची धारा मोजणारा ॲमीटर ०.४५ ॲम्पियर दाखवतो. दोन बल्बांच्या मधे किती दाखवेल? त्यापेक्षा कमी, तेवढाच, जास्त, की शून्य? त्या दिवशी ४६ हजर. ‘कमी’ म्हणणारे २६, ‘तेवढाच’ १५, ‘जास्त’ ३, ‘शून्य’ २. एकसरीत धारा सगळीकडे सारखी असते हे वाक्य आदल्याच दिवशी सगळ्यांनी वहीत उतरवलं होतं, खाली रेघ मारून. पण मनात काय बसलंय, तर बल्ब धारा खातो.

हार्वर्डचे फिजिक्सचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात यावर एक पद्धत बसवली. आधी प्रत्येकाने एकट्याने मत द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा मत. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांमध्ये असली की या चर्चेतून सगळ्यात जास्त फायदा होतो. माझे ३३ टक्के होते, म्हणजे काठावर. म्हटलं, करून पाहू. “अपने बाजूवाले को समझाओ, दो मिनट.” वर्गात नंदलालपुऱ्याच्या मंडईसारखा गलका. शेजारच्या वर्गाचे सर दारात येऊन बघून गेले. दुसऱ्यांदा कार्डं वर गेली तेव्हा ‘तेवढाच’ २७. मी तोवर उत्तर सांगितलेलं नव्हतं.

उत्तर फेटने सांगितलं. फेट म्हणजे कोलोराडो विद्यापीठाची आभासी प्रयोगांची साइट, नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेली, पूर्ण मोफत. हिंदीत आहे, मराठीतही आहे. माझ्यासारखीला महत्त्वाचं हे की प्रयोग एकदा डाउनलोड केला की साध्या ब्राउझरमध्ये इंटरनेटशिवाय चालतो. मी घरून लॅपटॉप नेला, पेनड्राइव्हमध्ये दुसरी प्रत. टीव्हीची खोली त्या दिवशी नशिबाने उघडी. सर्किटवाल्या प्रयोगात बॅटरी, तारा, बल्ब ओढून जोडायचे, निळे इलेक्ट्रॉन तारेतून सरकताना दिसतात. ॲमीटर आधी लावला, ०.४५. मधे लावला, ०.४५. शेवटी लावला, तेच. मागून एक मुलगी म्हणाली, “मैडम, फिर बल्ब में जाता क्या है?” हा प्रश्न माझ्या पाठटाचणात नव्हता. त्या तासाचा उरलेला वेळ ऊर्जेवर गेला आणि टाचणातलं निम्मं तसंच राहिलं.

पोरांना मात्र वेगळंच आवडलं. बॅटरीची दोन टोकं नुसत्या तारेने जोडली की बॅटरीतून ज्वाळा निघतात. शॉर्ट सर्किट. पुढचा महिनाभर मी लॅपटॉप घेऊन शिरले की ओरडा व्हायचा, “मैडम, आग लगाओ!” खऱ्या प्रयोगशाळेत हे दाखवता येणार नाही, आणि दाखवूही नये. पण हेही सांगते की फेट बघून खरा बल्ब लावायला दिला तेव्हा तिघांना तार बल्बच्या बुडाला आणि बाजूच्या धातूला अशी दोन ठिकाणी टेकवायची असते हेच माहीत नव्हतं. पडद्यावर टोक टोकाला आपोआप चिकटतं. टॉर्चचा बल्ब, दोन सेल आणि चिकटपट्टी यांना सुट्टी देऊ नका.

आता प्लिकर्सच्या अडचणी, म्हणजे वापरताना भेटतातच अशा. मोफत खात्यात एका प्रश्नसंचात पाचच प्रश्न. आधी चिडले, मग बरं वाटलं, कारण ४० मिनिटांच्या तासात पाचपेक्षा जास्त होतही नाहीत. माझे सरासरी दोन. ॲप इंग्रजीत आहे, प्रश्न मात्र देवनागरीत नीट टाकता येतात. इंटरनेट लागतं, मी फोनच्याच डेटावर भागवलं. पोरं बोटं नक्षीवर ठेवतात, मग ते कार्ड वाचलं जात नाही, “किनारा पकड़ो, किनारा” हे मी झोपेतसुद्धा म्हणत असेन. फोन महागडा नको, माझा जुनाच आहे, फक्त भिंगावर खडूची धूळ बसते, ती ओढणीने पुसायची. आणि एक घोळ आमच्याकडचाच: मध्य प्रदेश बोर्डाच्या पेपरात पर्याय अ, ब, स, द असे असतात. दोन-चार पोरं प्रत्येक वेळी विचारायची, “मैडम, स मतलब सी ना?” हो, सी.

नावं टाकू नका. हे मी जरा जोर देऊन सांगते. ॲपमध्ये वर्गाची यादी करावी लागते आणि हात आपोआप पूर्ण नाव-आडनाव टाइप करायला जातो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलंय, आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी असं त्यात लिहिलंय. मी नुसते रोल नंबर टाकले. कोण कुठला ते माझ्या वहीत.

चार पर्यायांत न मावणारं या कार्डांवर विचारताच येत नाही. ‘का’ विचारता येत नाही. काही न कळलेला मुलगाही चारात एकदा बरोबर येतो. शिवाय चांगला प्रश्न काढायला वेळ फार लागतो. तिन्ही चुकीचे पर्याय कुणाला तरी खरे वाटतील असे हवेत, नाहीतर ५२ जण बरोबर येतात आणि आपण खूश होऊन घरी येतो. वर दिलेला ॲमीटरचा प्रश्न बसवायला मला एक रविवार लागला. त्यातसुद्धा ‘शून्य’ हा पर्याय भरतीचाच होता, दोघांनीच घेतला. असे मनासारखे जमलेले प्रश्न सात महिन्यांत जेमतेम वीस झालेत. झांक्यांच्या, म्हणजे अनंत चतुर्दशीच्या चित्ररथांच्या मिरवणुकीच्या, आठवड्यात तर एकही नाही, अर्धा वर्ग रात्रभर रस्त्यावर आणि सकाळी बाकावर पेंगलेला.

कॉलेजचे पर्यवेक्षक पाठ बघायला आले तेव्हा मी मुद्दाम कार्डांचाच तास ठेवला. शेरा आला: तंत्रज्ञानाचा वापर उत्तम, फळ्याचा वापर कमी. मला राग आला होता. नानांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, “बरोबर लिहिलंय. आकडे आले ते पडद्यावर दिसले न् गेले. फळ्यावर लिहिले असतेस तर तासभर समोर राहिले असते.” त्यानंतर मी पहिल्या मताचे चार आकडे फळ्याच्या कोपऱ्यात लिहिते आणि दुसऱ्या मताचे त्याखाली. पोरं त्या कोपऱ्याकडे क्रिकेटच्या स्कोअरसारखी बघतात.

इंटर्नशिप संपून तीन महिने झाले. आता घरी शिकवणीची आठ मुलं आहेत, त्यांच्यासाठी आठच कार्डं वेगळी छापली. मोठा संच शाळेतल्या मार्गदर्शक मॅडमना देऊन आले. त्यांची पंचवीस वर्षं त्या शाळेत गेलीयत. माझ्या तासाला त्या मागे बसून वह्या तपासायच्या आणि कार्डांबद्दल चकार शब्द काढायच्या नाहीत, त्यामुळे संच कपाटात पडून राहणार हे मी धरूनच चालले होते.

गेल्या आठवड्यात प्रमाणपत्रावर सही घ्यायला गेले तर त्यांच्या वर्गात कार्डं वर झालेली. फोन मात्र कुठेच नाही. जवळ जाऊन पाहिलं तर त्यांनी कार्डांच्या मागच्या कोऱ्या पुठ्ठ्यावर चार बाजूंना स्केचपेनने मोठ्ठं अ, ब, स, द लिहून घेतलेलं, आणि पोरं ती बाजू त्यांच्याकडे करून बसलेली. मी म्हटलं, “मैडम, ऐसे तो सब एक-दूसरे का देख लेंगे.”

वर्गावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, “देखने दो ना. कौन किसका देखता है, वो भी तो दिखता है मुझे.”