दुप्पट अधिक तीस, की दहावा हिस्सा वजा?

सेल्सिअसचे फॅरेनहाइट तोंडी करायचे तर दोन रीती चालतात. एक, आकडा दुप्पट करून तीस मिळवायचे. दुसरी, आकडा दुप्पट करायचा, आलेल्या उत्तरातून त्याचाच दहावा हिस्सा वजा करायचा आणि मग बत्तीस मिळवायचे. नऊ-पाचचे सूत्र शाळेत सगळ्यांनी केले आहे, ते इथे बाजूला ठेवतो. फोनवर उत्तर मिळते हेही खरे, पण बरेचदा हा आकडा लागतो तेव्हा फोन कानाला असतो.

हवेपुरते बोलायचे तर पहिली रीत चांगलीच म्हणावी लागेल. १० अंशांना ती ५० देते आणि खरे उत्तरही ५०च आहे. २० ला ७० येतात, खरे उत्तर ६८. न्यू जर्सीतला भाचा थंडीत "आज बाहेर पंचेचाळीस आहे" म्हणाला की तीस वजा करून निम्मे करायचे, साडेसात येतात; खरे उत्तर ७.२. स्वेटर पुरेल की जाड कोट काढायचा, एवढे ठरवायला हे भरपूर झाले.

बिघडते ते उन्हाळ्यात. नागपूरच्या मे महिन्यातले ४५ या रीतीने १२० होतात, खरे ११३ असतात. एका अंशामागे खरे तर १.८ धरायला हवेत, आपण पूर्ण दोन धरतो. मिळवताना दोन कमी घेतल्यामुळे दहा अंशांपाशी तोंडमिळवणी होते. तिथून पुढे दर दहा अंशांमागे दोनाची चूक वाढत जाते. तरीही उन्हाच्या बाबतीत मी ते चालवून घेतले असते. ११३ काय नि १२० काय, दुपारी घराबाहेर पडायचे नाहीच.

माझा कौल फिरला तो तापामुळे. आपल्याकडे हवा सेल्सिअसमध्ये आणि अंगातला ताप फॅरेनहाइटमध्ये, ही जुनी वहिवाट आहे. डॉक्टरही विचारतात, "शंभरच्या वर गेला होता का?" युरोपातल्या मुलांच्या घरी मात्र थर्मामीटर सेल्सिअसचा. म्युनिकहून मुलीचा फोन आला, "आई, बाळाला अडतीस पॉइंट पाच आहे." शेजारी बसलेल्या मेहुणीने लगेच हिशेब केला : सत्त्याहत्तर आणि तीस, एकशे सात. बायकोच्या काळजात धस्स झाले. खरा ताप होता १०१.३. बाळावर लक्ष ठेवायचे, डॉक्टरांना कळवायचे, एवढी ती गोष्ट. पण १०७ म्हणजे नुसती धावपळ.

जवळपास सहा अंशांची ही चूक आहे, आणि आकडा चुकला आहे हे ऐकणाऱ्याला कळायला काही मार्ग नाही. ताप मोजताना तर एका अंशावर निर्णय फिरतो. म्हणून घरात मी दुसरीच रीत सांगतो. ३८.५ ची दुप्पट ७७, त्याचा दहावा हिस्सा ७.७, वजा जाता ६९.३, बत्तीस मिळवले की १०१.३. हा अंदाज नाही, नेमके उत्तर आहे, कारण दोनातून त्याचा दहावा हिस्सा काढला की बरोबर १.८च उरतात. एक पायरी जास्त पडते, मान्य आहे. पण दहावा हिस्सा काढायचा म्हणजे दशांश चिन्ह एक घर डावीकडे सरकवायचे, बस्स. ज्यांना तेवढेही नको त्यांनी ३८ म्हणजे १००.४ हे पाठ करावे आणि पुढे दर अंशाला १.८ मिळवत जावे : ३९ ला १०२.२, ४० ला १०४.

तापाच्या बाबतीत एक सांभाळावे. "दोन अंशांनी उतरला" असा निरोप आला तर तो फरक आहे, त्यात बत्तीस मिळवायचे नाहीत. दोन अंश सेल्सिअस म्हणजे ३.६ फॅरेनहाइट, इतकेच.

उलट जाताना मात्र माझी आवडती रीत थोडी अडखळते, हे सांगायला हवे. बत्तीस वजा करून निम्मे करायचे, त्यात त्याचा दहावा हिस्सा मिळवायचा, आणि त्या दहाव्या हिश्श्याचाही दहावा हिस्सा. अमेरिकन पाककृतीत केकसाठी ३५० लिहिलेले असते. ३१८ चे निम्मे १५९, त्यात १५.९, मग १.६ : साधारण १७६.५. खरे उत्तर १७६.७, म्हणजे ओव्हनची कळ १७५ वर ठेवली तरी चालते. तीस वजा करून निम्मे करणाऱ्याला इथे १६० मिळतात, आणि पाककृतीत लिहिलेल्या वेळेत केक काढला तर मधोमध कच्चा निघण्याचीच शक्यता जास्त. ओव्हनसाठी सहसा घाई नसते, तेव्हा एवढे गणित नको असेल तर सरळ फोन उघडावा. तापासाठी मात्र दहावा हिस्सा वजा करण्याची सवय लावून घ्यावी, असे मला वाटते.