रामटेकला दिवसभराची टॅक्सी: पॅकेज कुठे पुरतं, कुठे फसतं

नागपुरात गाडी ठरवताना पहिलं उत्तर येतं, 'आठ तास, ८० किलोमीटर.' शहरातल्या लग्नाला ठीक आहे, रामटेकला अजिबात पुरत नाही. एका बाजूचंच अंतर ५० किलोमीटरच्या आसपास. त्यात राममंदिराच्या गडाचा घाट, खिंडसी तलावाचा फेरा आणि मनसरच्या प्राचीन अवशेषांपाशी थांबा धरला की १२५-१३० सहज होतात. वर मीटर 'गॅरेज टू गॅरेज' धरतात, म्हणजे गाडी तुमच्या दारात यायच्या आधीचे किलोमीटरही तुमच्याच माथी. जादा किलोमीटरला १२ रुपये धरले तरी ४५-५० किलोमीटरचे साडेपाचशे-सहाशे वाढले.

दुसरा सापळा 'आउटस्टेशन' दराचा. त्यात रोजचे किमान २५० किंवा ३०० किलोमीटर लावतात. गाडी फिरली निम्मीच, पैसे मात्र पूर्ण. म्हणून 'दहा तास, १३० किलोमीटर, टोल-पार्किंग धरून एकूण किती?' एवढंच विचारायचं आणि आकडा व्हॉट्सॲपवर लिहून घ्यायचा. निघताना नि उतरताना मीटरचा फोटो काढायचा. डिझायरसारख्या गाडीत मागे तिघं म्हणजे आजी मधोमध अवघडून बसणार. पाच जण असतील तर अर्टिगाच बरी.

निघायचं सकाळी साडेसहाला, तर्री-पोहे खाऊन. कामठी रोडचा डबल डेकर पूल झाल्यापासून इंदोऱ्याची कोंडी टळते. कामठी, कन्हान करत मनसरला उजवीकडे वळायचं, पण थांबायचं नाही. आधी गड. दहानंतर तिथला दगड तापतो आणि अनवाणी पाय भाजतात. जाड मोजे न्या.

गाडी गडावर बरीच वर जाते, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांची सोय होते. पण चालक सरळ वर नेतो आणि वाटेतली वाकाटक राजांच्या काळातली, म्हणजे पाचव्या शतकाच्या आसपासची, नरसिंहाची मंदिरं हुकतात. बसतानाच सांगून ठेवा. केवल नरसिंह चुकवू नकाच: अंधाऱ्या गाभाऱ्यात हातात चक्र घेऊन ऐसपैस बसलेला, डोळे सरावले की हळूहळू दिसायला लागतो. वरचा दगडी वराहही तसाच दांडगा. त्याच्या पोटाखालून सरपटत जायची रीत आहे. पोट सुटलेल्यांनी आधी अंदाज घ्यावा.

माकडांचा डोळा पिशवीवर असतो. प्रसाद हातात मिरवू नका, काचा बंद ठेवायला सांगा.

उतरताना अंबाळा तलाव, मग खिंडसी. तलावाकाठी जेवण ठीकठाक, पण सुट्टीच्या दिवशी ताट यायला तास लागतो. बोटिंगला जायच्या आधीच ऑर्डर देऊन टाका. नाहीतर वेळ तिथेच संपतो आणि मनसर बुडतं, जे या सहलीतलं सगळ्यात दुर्लक्षित ठिकाण आहे. हिडिंबा टेकडीवरचं विटांचं बांधकाम उतरत्या उन्हात पाहावं. सावली नाही, दुकान नाही, पाणी सोबतच हवं. हीच वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर असावी, असं बरेच अभ्यासक मानतात.

एसटी नक्कीच स्वस्त पडते. फक्त ती खाली गावात सोडते, आणि तिथून गड, खिंडसी, मनसर असे वेगवेगळे ऑटो करावे लागतात. दोघंच असाल आणि फक्त गड करायचा असेल तर एसटीनेच जा. चौघं असाल तर टॅक्सी परवडते, किलोमीटर आधी ठरले असतील तरच.