आमच्या वायफायचे सात भाडेकरू

वीस तारीख जवळ आली की माझ्या पोटात गोळा येतो. मी घरून छोट्या दुकानदारांची जीएसटीची कामं करते आणि त्यातल्या बऱ्याच जणांची थ्री-बी, म्हणजे दर महिन्याचं रिटर्न, भरायची शेवटची तारीख वीस. त्या दिवशी पोर्टल तसंही कण्हतच असतं. त्यामुळे रात्री नऊनंतर आमचं नेट रडायला लागलं, तेव्हा तीन-चार महिने मी पोर्टलच्याच नावानं बोटं मोडत होते.

आम्ही पुण्यात आंबेगाव बुद्रुकला राहतो. आजूबाजूला कॉलेजं आणि दर दुसऱ्या इमारतीत कॉट बेसिसवर राहणारी पोरं. आमच्या मागची इमारत त्यातलीच. तिच्या गॅलऱ्या आणि आमची मागची खोली यांच्यात जेमतेम बारा फुटांचं अंतर. इकडे मिरचीची फोडणी दिली की तिकडे शिंका ऐकू येतात.

२०२३च्या जूनमध्ये आम्ही ब्रॉडबँड घेतलं. १०० एमबीपीएसचा प्लॅन, महिन्याला ७०० अधिक जीएसटी, म्हणजे ८२६ रुपये. जोडणीला आलेला पोरगा पंचविशीतला, बोलायला गोड, चप्पल दाराबाहेर काढून आत येणारा. मी चहा केला. तो म्हणाला, "काकू, कंपनीचा राउटर यायला पंधरा दिवस लागतील. माझ्याकडे ड्युअल बँडचा, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही लहरींवर चालणारा एक आहे, २,८०० ला देतो. सेटिंगचे ५०० वेगळे." खोका दाखवला, चकचकीत होता. पैसे त्याच्याच नंबरवर यूपीआयनं घेतले. बिल? "व्हॉट्सॲपवर पाठवतो." दिवसभर दुसऱ्यांना पक्कं बिल मागणारी मी, तिथं 'बरं' म्हणून गप्प बसले. हे लिहितानाही लाज वाटतेय.

राउटर हॉलमधल्या शोकेसवर ठेव, असं मी म्हटलं होतं. तो म्हणाला, "इथं रेंज मरते काकू. मागच्या खोलीत खिडकीपाशी लावू." त्यासाठी वीसेक फूट जादा वायर ओढून त्यानं ती खिळे ठोकून नीट बसवली. पोरगा कामसू आहे, असं यांना मी संध्याकाळी कौतुकानं सांगितलं.

मुलानं तेवढ्यात विचारलं होतं, "ड्युअल बँड असेल तर दोन नावं दिसतात ना? इथं एकच दिसतंय." त्यावर उत्तर तयार होतं, "दोन्ही बँड एकाच नावात टाकलेत, आपोआप बदलतं." तसं खरंच करता येतं. म्हणूनच ही थाप पचली. जाताना त्यानं वायफायचा पासवर्ड कागदावर लिहून दिला आणि वर सांगितलं, "सेटिंगमध्ये हात घालू नका. बंद पडलं तर व्हिजिट चार्ज पडेल."

आता इथं थोडं थांबून सांगते, कारण माझी गफलत नेमकी इथं झाली. राउटरला दोन वेगवेगळे पासवर्ड असतात. एक वायफायचा, जो आपण पाहुण्यांना देतो. दुसरा ॲडमिनचा, म्हणजे राउटरच्या आत शिरायचा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाकलं की जे पान उघडतं, त्याचा. नेमका कुठला पत्ता ते राउटरच्या बुडाशी छापलेलं असतं. दुसरा पासवर्ड ज्याच्या हातात, राउटर त्याचा. तुम्ही वायफायचा पासवर्ड रोज बदललात तरी तो आत बसून काय करतोय हे तुम्हाला दिसत नाही. मला हा दुसरा पासवर्ड असतो हेच माहीत नव्हतं.

जुलैपासून रात्रीचा स्पीड पडायला लागला. हेल्पलाइनला फोन केला की "मॅडम, आमच्याकडून स्पीड बरोबर येतोय" एवढंच. त्यात ते खोटं बोलत नव्हते.

दिवाळीला सांगलीहून भाचा आला. त्यानं आधी कंपनीचं ॲप उघडलं. "मावशी, ऑक्टोबरमध्ये ११४० जीबी वापर झालाय. तुम्ही तिघं करता काय?" माझी रिटर्न म्हणजे किती, काही एमबी. यांच्या सकाळच्या बातम्या, मुलाची लेक्चरं. भाच्यानं हिशोब मांडला, एचडी व्हिडिओ तासाला साधारण दोन-तीन जीबी खातो. म्हणजे तुमच्या घरात रोज पंधरा तास कुणीतरी सिनेमे बघतंय.

मग त्यानं राउटर उलटा केला. बुडाच्या चार रबरी पायांपैकी एक गायब, स्क्रूच्या खाचा झिजलेल्या. खोक्यावर ड्युअल बँड आणि १२०० एमबीपीएस छापलेलं. बुडाच्या स्टिकरवर ३०० आणि फक्त २.४ गिगाहर्ट्झ. सीरियल नंबर खोक्यावर एक, स्टिकरवर दुसराच. कुणाचा तरी काढून टाकलेला राउटर नव्या खोक्यात घालून मला विकला होता. नवा राउटर घेताना खोका आणि स्टिकर यांचे नंबर जुळवून बघायला दहा सेकंद लागतात. मी खोका न बघता माळ्यावर ठेवून दिला होता.

स्टिकरवर छापलेल्या ॲडमिनच्या पासवर्डनं आत जाता येईना, म्हणजे तो बदललेला. भाच्यानं टाचणीनं रिसेटचं भोक दहा सेकंद दाबून धरलं. राउटर कोरा झाला, पण त्याबरोबर कंपनीचं युजरनेम आणि पासवर्डही पुसलं गेलं आणि घरातलं नेट पूर्ण बंद. तुम्ही रिसेट करणार असाल तर हे दोन्ही आधी कंपनीकडून लिहून घ्या. आम्हाला ते नंतर सुचलं.

त्याच रात्री नऊच्या सुमारास मागच्या गॅलरीतून हाक आली.

"काकू, वायफाय बंद पडलंय का हो?"

मला वाटलं दुसऱ्या कुणाला विचारतोय. मी खिडकीत गेले. बनियनवरचा एक पोरगा, हातात मॅगीचं भांडं. मी म्हटलं, "आमचं बंद आहे, तुला काय करायचंय?" तर तो सहज म्हणाला, "नाही, आम्ही पाच तारखेलाच पैसे दिलेत ना या महिन्याचे."

भाचा खिडकीशी आला आणि आम्ही त्याला नीट विचारलं. मग बिचारा गडबडला. त्या मजल्यावरची सात पोरं जुलैपासून महिन्याला दीडशे रुपये देत होती. त्यानं मोबाइल पुढे केला, यूपीआयच्या नोंदी दाखवल्या. नंबर तोच, ज्यावर मी ३,३०० भरले होते. आमच्या राउटरवर गेस्टचं म्हणून दुसरं नेटवर्क चालू करून त्याचं नाव लपवून ठेवलं होतं. लपवलेलं नाव आपल्या मोबाइलच्या यादीत दिसत नाही. ते माहीत असणाराच टाइप करून जोडला जातो. आणि २.४ची लहर भिंतीतून बरी जाते, बारा फूट म्हणजे तिला काहीच नाही. राउटर मागच्या खिडकीत का हवा होता, ती वीस फूट वायर कुणासाठी ओढली, ते सगळं तेव्हा कळलं.

सात गुणिले दीडशे, १,०५०. मी महिन्याला ८२६ भरायचे आणि तो त्याच जोडणीवर १,०५० कमवायचा, तेही जीएसटी न भरता.

एवढ्यावर मी कदाचित हसून सोडलं असतं. पण त्या पोरानं पुढे सांगितलं, "ते दादा म्हणाले होते, काकूंना माहितीये, त्यांचाही वाटा असतो." मग मात्र माझं डोकं फिरलं. पोरांवर राग नाही, ती पैसे मोजत होती. चार महिने ती मला जिन्यात 'नमस्कार काकू' करत होती ती का, हेही त्याच वेळी उमगलं.

हे म्हणाले, सोडून दे, राउटर बदलू. मग यांनाच २००८ची गोष्ट आठवली. अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या आधी काही मिनिटं जो ईमेल गेला, त्याचा माग नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत लागला होता. तिथं राहणाऱ्या अमेरिकन गृहस्थाचं वायफाय असुरक्षित होतं आणि ते भलत्याच कुणी वापरलं होतं. पण पोलीस आधी त्यांच्याच दारात गेले. कनेक्शन ज्याच्या नावावर, पत्ता त्याचाच निघतो. आमचं कनेक्शन माझ्या नावावर आहे. त्या सात जणांपैकी एखाद्यानं कुणाला धमकी दिली असती, तर माझ्या पॅन-आधारसकट माझाच पत्ता निघाला असता.

म्हणून चौकीत लेखी अर्ज दिला. सोबत स्टिकरचे आणि खोक्याचे फोटो, यूपीआयची नोंद, आणि त्या पोरांपैकी दोघांनी आपणहून दिलेले स्क्रीनशॉट. पोच घेतली. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, फोन करावा का, असं बरेच जण विचारतात. खात्यातून पैसे नुकतेच गेले असतील तर तिथं लगेच करायचा. मी तर जूनमध्येच राजीखुशीनं, वर चहा पाजून पैसे दिले होते. कंपनीचं उत्तर असं की तो पोरगा ठेकेदाराचा, आता आमच्याकडे नाही, आणि राउटर आम्ही विकलेलाच नाही. बिल नसल्यानं माझी बाजू लंगडी. ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे.

नवा राउटर दुकानातून पक्क्या बिलावर आणला. तो हॉलमध्ये शोकेसवर आहे आणि सगळ्या घरात रेंज येते. ॲडमिनचा पासवर्ड मी स्वतः बदलला, गेस्ट आणि डब्ल्यूपीएस (बटण दाबून पासवर्डशिवाय जोडायची सोय) बंद केलं, बाहेरून राउटर चालवायची सोयही बंद केली, वायफायच्या सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-टूच्या खाली ठेवला नाही. भाचा शेजारी बसला होता, पण बोटं माझी होती. अर्धा तास लागला. जोडलेल्या उपकरणांची यादी आता दर वीस तारखेला, थ्री-बी भरून झाली की, उघडते. तीन मोबाइल, एक लॅपटॉप, एक टीव्ही.

परवा मागच्या गॅलरीतल्या त्याच पोरानं विचारलं, "काकू, तुम्ही स्वतः द्याल का? दोनशे देतो." मी खिडकी लावून घेतली. जुना खोका अजून माळ्यावर आहे, चौकीतून फोन आला तर दाखवायला.